पेढीवरील प्रिंटर आणि घरातील बिनतारी जाळे : एक अभ्यासपाठ

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने ज्वारी-तांदळाची तेजीमंदी सोडून प्रिंटर जोडण्याविषयी लिहावे, याचे कित्येक सभासद बंधुभगिनींस आश्चर्य वाटेल. मी या विषयातील तज्ज्ञ नव्हे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि वय पासष्टीच्या घरात आलेले. परंतु ज्या वस्तूवाचून पेढीचा एक दिवसही चालत नाही, तिचे मर्म परक्या माणसाच्या हाती सोपवून आपण स्वस्थ बसावे, हे व्यापाऱ्यास शोभणारे नाही, असा धडा मला थोड्या खर्चाने आणि बऱ्याच मनस्तापाने मिळाला. तो आपल्यापुढे मांडावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमची पेढी बेळगावात आहे. पुढे दुकान, मागे वखार आणि माडीवर बिऱ्हाड, अशी जुन्या पद्धतीची जांभ्या दगडाची इमारत. पूर्वी बिले दिवाणजी हाताने लिहीत व खाली कार्बन कागद असे. पुढे १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, हिशेब संगणकावर आले आणि प्रिंटर हा पेढीचा एक नोकरच होऊन बसला. बिले, मालाच्या चिठ्ठ्या, पार्ट्यांचे खातेउतारे आणि वर नातवंडांचे शाळेचे कागद, ही सर्व कामे एकाच यंत्राने व्हावीत म्हणून चिरंजिवांनी ते घरातील बिनतारी जाळ्यास, म्हणजे वायफायला, जोडून दिले. काही महिने सर्व सुरळीत चालले.

पावसाळ्यातील एका सायंकाळी लॉरी भरून उभी होती. दोरखंड आवळून झाले होते, ड्रायव्हर घाई करीत होता आणि बिल काही निघेना. संगणकावर ‘ऑफलाइन’ एवढाच शब्द दिसे. प्रिंटरचा दिवा तर लागलेला, कागद भरलेला, शाई पुरेशी. अखेर बिल हाताने लिहून गाडी सोडली. दुसऱ्या दिवशी कारागीर आला, पाच मिनिटे कळा दाबल्या, पैसे घेतले आणि गेला. दोन महिन्यांत असे तीन वेळा घडले. तिसऱ्या वेळी सुटीवर आलेली माझी नात जवळ उभी होती. ती म्हणाली, “आजोबा, पोत्यातला दाणा हातावर घेतल्याशिवाय तुम्ही भाव करीत नाही. मग हा माणूस नेमके काय करतो, ते एकदाही का विचारले नाही?” मला उत्तर सुचले नाही. त्या रात्री तिने मला जे समजावले, त्यावरच पुढील विवेचन आधारलेले आहे.

मूळ कल्पना

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपला मोबाइल अथवा संगणक प्रिंटरशी थेट बोलतो, असे आपणांस वाटते. सामान्यतः तसे नसते. दोघेही राउटर नावाच्या पेटीशी बोलतात आणि ती पेटी एकाचा निरोप दुसऱ्यास पोहोचविते. याला आपल्या ओळखीचा दाखला मार्केट यार्डाचा घ्यावा. घरातील बिनतारी जाळे हे यार्डाचे आवार. राउटर ही त्या आवाराची कचेरी. आवाराला एक नाव असते, तेच आपल्या मोबाइलच्या यादीत वायफायचे नाव म्हणून दिसते. फाटकातून आत येण्यास परवलीचा शब्द लागतो, तो पासवर्ड. आत आलेल्या प्रत्येकास कचेरी एक गाळा नंबर देते. कोणता माल कोणत्या गाळ्यावर न्यावयाचा, हे त्या नंबरावरून ठरते. या नंबरास आयपी पत्ता म्हणतात, तो १९२.१६८.१.१० अशा चार आकड्यांचा असतो.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की, मोबाइल एका आवारात आणि प्रिंटर दुसऱ्या आवारात असेल, तर दोघांची गाठ पडणार नाही. दुसरी ही की, इंटरनेट हा आवाराबाहेरचा सडक-रस्ता आहे. तो रस्ता काही काळ बंद पडला तरी आवारातल्या आवारात माल एका गाळ्यावरून दुसऱ्या गाळ्यावर नेता येतो. म्हणून इंटरनेट गेले असताही राउटर चालू असेल, तर संगणकातील बिल साधारणतः छापता येते. आमच्याकडे इंटरनेट गेले की आम्ही छपाईचा नादच सोडून देत असू. तो केवळ अज्ञानाचा परिणाम होता.

लहरींविषयी थोडेसे

बिनतारी म्हणजे काही जादू नव्हे. रेडिओच्या लहरींचाच हा एक प्रकार आहे. आपल्या देशाला हा विषय परका नाही; आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात बिनतारी लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखविली होती. आज ज्यास वायफाय म्हणतात, त्याचे पहिले प्रमाणित नियम १९९७ साली प्रसिद्ध झाले. घरच्या रेडिओसाठी वडीलधारी मंडळी पोस्टात परवान्याचे पैसे भरीत, हे ज्येष्ठ सभासदांस स्मरत असेल. वायफायच्या अल्पशक्तीच्या उपकरणांस मात्र असा परवाना लागत नाही. भारत सरकारने २००५ साली त्यासंबंधीचे नियम करून ही मोकळीक दिली.

घरगुती राउटर बहुधा दोन पट्ट्यांवर चालतो : एक २.४ गिगाहर्ट्झचा आणि दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. पहिल्याच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते, दुसरीची त्याच्या निम्म्याहून कमी. पहिली लहर वेगाने उणी, परंतु भिंतीपलीकडे अधिक चांगली पोहोचते. दुसरी वेगवान, परंतु भिंतीपुढे लवकर दमते. पुष्कळसे स्वस्त प्रिंटर केवळ २.४ गिगाहर्ट्झवरच काम करतात. राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांस निरनिराळी नावे असतील व आपण प्रिंटरवर ५ चे नाव शोधू लागलो, तर ते यादीत सापडणारच नाही. आमच्या घरी जाड जांभ्याच्या दोन भिंतींच्या आड, लोखंडी कपाटाच्या शेजारी प्रिंटर ठेवलेला होता. नातीने तो कपाटापासून दूर, जिन्याच्या बाजूस आणला, तेव्हाच अर्धे काम झाले. धातूचे कपाट, जाड भिंत आणि पाण्याची टाकी हे या लहरींचे मोठे अडथळे आहेत, हे ध्यानात ठेवावे.

जोडण्याची रीत

आता प्रत्यक्ष कृती. प्रारंभी राउटर चालू करावा आणि त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत थांबावे. आपल्या मोबाइलवर जाळ्याचे नाव पाहून ते कागदावर जसेच्या तसे उतरून घ्यावे. पासवर्डही तसाच लिहावा. इंग्रजी मोठे व लहान अक्षर यांत फरक मानला जातो. शून्य आणि ‘ओ’ यांची गल्लत तर आमच्याकडे दोनदा झाली.

प्रिंटरला स्वतःचा पडदा असेल, तर काम सोपे आहे. त्यावरील नेटवर्क अथवा वायरलेस सेटअप या सदरात जावे, यादीतून आपल्या जाळ्याचे नाव निवडावे आणि पासवर्ड भरावा.

पडदा नसेल, तर दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग डब्ल्यूपीएस नावाच्या कळीचा. प्रिंटरवरील वायरलेसची कळ माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे काही सेकंद दाबून धरावी. दिवा लुकलुकू लागला की दोन मिनिटांच्या आत राउटरवरील डब्ल्यूपीएसची कळ दाबावी. दोघे परस्परांस ओळखतात आणि पासवर्ड लिहिण्याची गरज पडत नाही. सर्वच राउटरांवर ही कळ असते असे नाही.

दुसरा मार्ग कंपनीच्या मोबाइल अ‍ॅपचा. नवा प्रिंटर प्रथम स्वतःचेच एक तात्पुरते जाळे उभे करतो. मोबाइल क्षणभर त्या जाळ्यात जातो, आपल्या घरच्या जाळ्याचे नाव व पासवर्ड प्रिंटरच्या कानात सांगतो आणि परत येतो. नंतर प्रिंटर घरच्या जाळ्यात प्रवेश करतो. या वेळी मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद ठेवावा. नाही तर ‘या जाळ्यात इंटरनेट नाही’ असे पाहून मोबाइल मध्येच ते सोडून देतो आणि काम अर्धवट राहते.

प्रिंटर जाळ्यात आला, की त्याच्याकडून नेटवर्कचा अहवाल छापून घ्यावा. बहुतेक प्रिंटरांत अशी सोय असते. त्या पानावर जाळ्याचे नाव व गाळा नंबर असतो. हे पान म्हणजे काट्याची पावती समजावी. ती पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये. नंबर १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर कचेरीने गाळा दिलेलाच नाही आणि प्रिंटर आपल्या मनानेच कोठेतरी बसला आहे, असे समजावे. मग राउटर व प्रिंटर दोन्ही बंद करून, आधी राउटर आणि नंतर प्रिंटर, या क्रमाने पुन्हा चालू करावे.

शेवटी संगणकाच्या सेटिंग्जमध्ये प्रिंटर या सदरात जाऊन तो जोडून घ्यावा. अलीकडच्या मोबाइलांस बहुधा निराळे काही लागत नाही. आयफोनमध्ये छपाईची ही सोय २०१० पासून आहे. अँड्रॉइडमध्ये छपाईची व्यवस्था २०१३ साली आली. मात्र त्या वेळी मोबाइल त्याच जाळ्यात असला पाहिजे.

ज्या बंधूंकडे कार्बनप्रतींसाठी अजून जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे, त्यांनी तो फेकून देण्याची घाई करू नये. तो ज्या संगणकास तारेने जोडला आहे, तेथून इतर संगणकांसाठी सामाईक करता येतो. मात्र तो संगणक चालू असेपर्यंतच ही सोय चालते.

खोळंबा का होतो?

आमचा प्रिंटर वरचेवर ‘ऑफलाइन’ का होत होता, हे आता सांगतो. पावसाळ्यात वीज जाई. वीज परत आली, की राउटर नव्याने गाळे वाटी. पूर्वी प्रिंटरला मिळालेला नंबर कधी दुसऱ्याच्या मोबाइलला जाई आणि प्रिंटर नव्या गाळ्यावर बसे. संगणक मात्र जुन्याच गाळ्यावर निरोप पाठवीत राही. तेथे प्रिंटर नाही असे पाहून तो ‘ऑफलाइन’ म्हणे. यंत्र बिघडलेले नव्हते. हमाल माल घेऊन चुकीच्या गाळ्यावर उभा होता, एवढेच. कारागीर दर वेळी नवा नंबर संगणकास सांगून जाई. रोग तसाच राही आणि पुढच्या विजेच्या खंडानंतर त्याला पुन्हा बोलावणे भाग पडे.

यावर उपाय कायमचा आणि बिनखर्ची आहे. राउटरच्या सेटिंग्जमध्ये प्रिंटरसाठी एक नंबर राखून ठेवता येतो. मग वीज कितीही वेळा जावो, प्रिंटरला तोच गाळा मिळतो. नातीने हे दहा मिनिटांत केले आणि नंतर मला राखलेला नंबर काढून टाकून तो पुन्हा स्वतःच्या हाताने राखावयास लावला. त्या दिवसापासून आजपर्यंत या कारणासाठी कारागिरास बोलवावे लागलेले नाही.

खोळंबा झालाच, तर घाबरून सर्व कळा दाबू नयेत. पुढील क्रमाने तपासावे. प्रिंटरचा वायरलेसचा दिवा स्थिर आहे काय? मोबाइल व प्रिंटर एकाच नावाच्या जाळ्यात आहेत काय? छापलेल्या अहवालावरील नंबर व संगणकातील नंबर एकच आहे काय? संगणकाच्या यादीत एकाच प्रिंटरच्या दोन नोंदी होऊन कागद जुन्या नोंदीकडे जात नाही ना? रांगेत एखादे जुने काम अडकलेले नाही ना? असल्यास ते रद्द करावे. घरातील कोणी वायफायचा पासवर्ड बदलला आहे काय? बदलला असल्यास तो प्रिंटरलाही सांगावा लागतो. तो बिचारा जुन्याच शब्दाने फाटक ठोठावीत राहतो. माझ्या अनुभवात बहुतेक तक्रारी या सहा प्रश्नांत मिटतात.

एका कागदाची गोष्ट

आता जी गोष्ट सांगतो, ती यंत्राची नाही. परंतु ती सांगितल्यावाचून हा पाठ पुरा होणार नाही. आमच्या शेजारच्या दुकानाचे इंटरनेट एकदा चार दिवस बंद होते. शेजारधर्म म्हणून मी त्यांना आमचा पासवर्ड दिला. त्यांची लाइन सुरू झाली, ते आपल्या कामाला लागले आणि मी ही गोष्ट विसरलो. पुढे काही आठवड्यांनी सकाळी दुकान उघडले, तो प्रिंटरच्या पुढ्यात एक कागद पडलेला. आमचेच बिल असेल अशा समजुतीने मी चष्मा लावून वाचू लागलो. दुसऱ्या ओळीवर लक्षात आले, की हे शेजाऱ्याने आपल्या एका पार्टीस दिलेले तांदळाचे भाव आहेत. त्यांचा मोबाइल जवळ आला असता जुन्या ओळखीने आमच्या आवारात शिरला होता आणि त्यांच्या मुलाने न पाहता छपाईची कळ दाबली होती.

व्यापाऱ्याचा भाव म्हणजे त्याची मूठ असते. ती झाकलेली राहिली पाहिजे. मी खरे सांगतो, क्षणभर नजर खाली सरकली. त्याच पार्टीस आम्हीही माल देतो. तिसरी ओळ मी वाचली नाही, असे मी म्हणेन. परंतु वाचण्याची इच्छा झाली नाही, असे म्हणणार नाही. कागदाची घडी घालून मी शेजाऱ्याच्या हातात दिली आणि दोन ओळी वाचल्या गेल्याचेही सांगितले. ते काही बोलले नाहीत, चहा मागविला. चहा पिता पिता माझ्या मनात निराळाच विचार आला. आज त्यांचा कागद माझ्याकडे आला. उद्या माझ्या पार्टीचा खातेउतारा, तिची उधारी, तिची अडचण दुसऱ्याच्या टेबलावर जाऊन पडली तर? पार्टीने आपल्यावर टाकलेला विश्वास एका पासवर्डावर टांगलेला होता आणि तो मी चिटोऱ्यावर लिहून वाटला होता.

घ्यावयाची काळजी

तेव्हापासून आम्ही काही नियम पाळतो. पेढीच्या जाळ्याचा पासवर्ड घरच्या व पेढीच्या माणसांखेरीज कोणास देत नाही. पाहुण्यांसाठी राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क नावाची निराळी सोय असते. ती चालू केली आहे. तिच्यातून पाहुण्यास इंटरनेट मिळते, परंतु आतील संगणक व प्रिंटर साधारणतः त्याच्या दृष्टीस पडत नाहीत. आल्या माणसास ओसरीवर बसवावे, तिजोरीच्या खोलीत नेऊ नये, हाच तो जुना रिवाज.

राउटरच्या सेटिंग्जचा स्वतःचा असा वेगळा पासवर्ड असतो. नवीन पेटीबरोबर आलेला तो शब्द तसाच राहू देऊ नये. जाळ्याची सुरक्षा डब्ल्यूपीए २ अथवा, दोन्ही बाजूंस चालत असल्यास, २०१८ साली आलेल्या डब्ल्यूपीए ३ या प्रकारची ठेवावी. डब्ल्यूपीएसमध्ये कळीखेरीज आठ आकडी पिनचाही एक मार्ग असतो. तो दुबळा असल्याचे २०११ साली उघडकीस आले. म्हणून प्रिंटर जोडून झाला, की राउटरमधील डब्ल्यूपीएस बंद करून ठेवणे बरे. नोकरमाणूस पेढी सोडून गेला, की पासवर्ड बदलावा. कुलपाची किल्ली परत घेतो, तितकीच ही साधी गोष्ट आहे. आणखी एक : जुना प्रिंटर विकताना अथवा मोडीत देताना तो मूळ स्थितीस आणून मगच द्यावा. त्याच्या पोटात आपल्या जाळ्याचे नाव व पासवर्ड साठविलेला असतो.

समारोप

आमच्या पेढीतील कपाटाच्या दाराच्या आतील बाजूस आता एक कागद चिकटविलेला आहे. त्यावर प्रिंटरचा राखून ठेवलेला नंबर, जाळ्याचे नाव, पासवर्ड बदलल्याची तारीख आणि वर दिलेले सहा प्रश्न, एवढेच मी माझ्या अक्षरात लिहिले आहे. पासवर्ड मात्र त्यावर नाही. तो तिजोरीत, खतावणीच्या वहीत आहे.

नात पुन्हा कॉलेजला गेली. गेल्या पावसाळ्यात एका सायंकाळी पुन्हा वीज गेली आणि आली. पुन्हा लॉरी उभी होती आणि बिल अडले. चिरंजीव गावाला गेलेले. दिवाणजींनी कारागिरास फोन लावण्यासाठी मोबाइल हातात घेतला. मी म्हटले, “थांबा, आधी आपण पाहू.” दिवा पाहिला, नाव पाहिले, नंबर पाहिला. एक जुने काम रांगेत अडकून बसले होते. ते रद्द केले आणि बिल निघाले. ड्रायव्हरने कागद घेतला व गाडी सुटली. त्याच्या दृष्टीने त्यात विशेष काही नव्हते. माझ्या दृष्टीने होते.

ज्येष्ठ सभासद बंधूंस माझी नम्र विनंती आहे, की हे आपल्या वयाचे काम नव्हे, असे म्हणून त्यांनी बाजूला होऊ नये. आपण वखारीतल्या अंधारात हाताने धान्याची प्रत ओळखणारी माणसे आहोत. चार आकडे आणि सहा प्रश्न आपणांस जड जाणार नाहीत. घरातील मुलामुलींपैकी कोणाजवळ तरी एक संध्याकाळ मागून घ्यावी, शिष्याप्रमाणे बसावे आणि प्रत्येक कळ स्वतःच्या बोटाने दाबावी. शिकविणाऱ्यास आनंद होतो, शिकणाऱ्याचा खोळंबा टळतो आणि पार्टीचा कागद पार्टीच्याच हाती पडतो.